पडलेला आणि फसलेला

आमच्या फिल्म सोसायटीत व्ही. शांताराम यांच्या चित्रपटांचा आठवडा ठरत होता. यादी चटकन झाली. ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’, ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’, ‘दो आँखें बारह हाथ’, ‘पिंजरा’. मी सातवं नाव सुचवलं, ‘जल बिन मछली नृत्य बिन बिजली’. खोलीत क्षणभर कोणी बोललं नाही. मग समितीतले एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “अहो, कशाला उगाच बापूंची अब्रू वेशीवर टांगायची?” बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि चर्चा हॉलच्या भाड्याकडे वळली.

त्या गृहस्थांचा हेतू वाईट नव्हता. शांतारामबापूंवर त्यांचं माझ्याइतकंच, कदाचित जास्तच प्रेम आहे. तरीही त्या संध्याकाळी आम्ही बापूंवर अन्याय केला असं मला वाटतं. ‘जल बिन मछली’ १९७१चा, ‘पिंजरा’ १९७२चा. मध्ये एका वर्षाचं अंतर. दिग्दर्शक तोच, नायिका संध्याच, तोच ‘राजकमल’ स्टुडिओ. दिग्दर्शकाचं वय सत्तरीच्या उंबरठ्यावर. पहिला चित्रपट आज थोडा वेळही सलग बघवत नाही आणि दुसरा मराठी माणसाच्या मनात घर करून बसला आहे. त्या एका वर्षात काय झालं, हा मला आपल्या चित्रपटांच्या इतिहासातला मोठा प्रश्न वाटतो. पण पहिला चित्रपट यादीतून गाळला की तो प्रश्न विचारताच येत नाही. ‘पिंजरा’ मग आकाशातून पडल्यासारखा एकटाच समोर येतो.

पुढे जाण्याआधी दोन शब्द वेगळे करायला हवेत. चित्रपट पडतो आणि चित्रपट फसतो. पडणं तिकीटखिडकीवर होतं, फसणं पडद्यावर. आपण या दोहोंची सरमिसळ करतो आणि त्याची किंमत भलत्याच माणसाला मोजावी लागते. गुरुदत्तचा ‘कागज के फूल’ १९५९ साली पडला. भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट, स्टुडिओच्या अंधारात वरून उतरणारी ती उन्हाची तिरीप, व्ही. के. मूर्तींचं छायालेखन, हे सगळं असून पडला. त्यानंतर गुरुदत्तने एकाही चित्रपटावर दिग्दर्शक म्हणून स्वतःचं नाव लावलं नाही. तो पडलेला होता, फसलेला नव्हता. हे त्याला कोणी वेळेवर ठासून सांगितलं असतं तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून आजही जात नाही.

उलटंही होतं. सत्यजित राय यांचा ‘चिड़ियाखाना’ हा १९६७चा चित्रपट. शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या व्योमकेश बक्षीची रहस्यकथा, व्योमकेशच्या भूमिकेत उत्तमकुमार. राय स्वतः हा आपला दुबळा चित्रपट मानत. शेवटी गुन्ह्याची उकल सांगायला व्योमकेश सगळ्यांना एकत्र बसवतो आणि बोलत राहतो, बोलत राहतो. ज्या माणसाने पाण्यावरच्या किड्यांमधून अख्खा पावसाळा दाखवला, त्याच्या चित्रपटात पात्रांना गोष्ट समजावून सांगायची वेळ येते. आणि राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा पहिलावहिला सन्मान मिळाला तो याच चित्रपटासाठी. तेव्हा गल्ला आणि पुरस्कार, दोन्ही बाजूला ठेवू. फसलेला चित्रपट म्हणजे ज्यात दिग्दर्शकाच्या सवयी शिल्लक राहतात आणि त्याचं बघणं थांबतं, असं मी मानतो. नवशिक्याचा फसलेला चित्रपट यात धरत नाही. उमेदवारीत हात कापतोच. मला बोलायचं आहे ते ज्याच्या हाताला सगळं येतं त्याच्या फसण्याबद्दल.

बापूंच्या हाताला काय काय येत होतं? १९३७चा ‘कुंकू’ घ्या. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. काकासाहेब या म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा, शांता आपटेंनी उभी केलेली. या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. घरातले, रस्त्यावरचे, वस्तूंचे आवाज आहेत आणि गाणं आलंच तर त्याला दृश्यातलाच काही आधार आहे. काकासाहेबांच्या दिवाणखान्यातलं ते भिंतीवरचं घड्याळ ऐका. नवऱ्याचं वय त्या टिकटिकीतून मोजलं जातं, एक शब्द न बोलता. बोलपट येऊन उणीपुरी सहा वर्षं झाली होती, जो तो पडद्यावर वाद्यवृंद ओतत होता, आणि पुण्यातल्या ‘प्रभात’मध्ये बसलेला हा माणूस गप्प बसून घड्याळ ऐकत होता. हे धाडस आहे. आणि हे धाडस एकट्याचं नव्हतं. ‘प्रभात’ १९२९ साली कोल्हापुरात भागीदारीत उभी राहिली, मग पुण्याला आली. भागीदारांपैकी दामल्यांचा कान ध्वनीत तयार झालेला, फत्तेलालांचा डोळा रंगरेषेत. शांतारामांनी काही सुचवलं तर ‘हे जमणार नाही’ किंवा ‘हे बरं दिसत नाही’ असं म्हणायचा या माणसांना हक्क होता, कारण ते नोकर नव्हते, मालक होते. बाबूराव पेंटरांच्या हाताखाली सगळे एकत्रच घडले होते. एकमेकांचे कच्चे दुवे त्यांना पाठ होते.

१९४२ साली बापू ‘प्रभात’ सोडून मुंबईला आले आणि परळला ‘राजकमल’ उभं केलं. इथून उतरण लागली असं म्हणणं सोपं आहे, पण ते खोटं आहे. ‘दो आँखें बारह हाथ’ राजकमलचाच. १९५७चा. त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची, म्हणजे गदिमांची. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली कैद्यांची वसाहत होती, तिथला प्रयोग या कथेच्या मुळाशी आहे, आणि गदिमांचं माडगूळ तिथून हाकेच्या अंतरावर. म्हणजे लेखक आपल्या मातीतली, स्वतः जवळून पाहिलेली गोष्ट घेऊन आला होता. ‘झनक झनक पायल बाजे’चा डोळे दिपवणारा टेक्निकलर यशस्वी झाल्यावर लगोलग बापू काळ्यापांढऱ्यात परतले, ओसाड माळावर गेले. त्या गोष्टीला रंग चालणार नव्हता आणि त्यांनी गोष्टीचं ऐकलं. बैलाच्या झुंजीच्या चित्रीकरणात डोळ्याला जबर इजा झाली, तरी ते ऐकतच राहिले.

पुढचा ‘नवरंग’ पुन्हा रंगांचा, पण तिथेही रंगाला कारण होतं. कवीला घरची बायको दिसते एक आणि कवितेत ती होते दुसरी. ते दुसरेपण दाखवायला भडक रंग, मुखवटे, एकाच अंगाने स्त्रीपुरुष दोघं होऊन नाचणारी संध्या, सगळं लागत होतं. मला तो चित्रपट आवडतो. त्यात बापूंची हौस आणि गोष्टीची गरज एका रेषेत आहेत. मात्र त्यानंतर हौस पुढे गेली आणि गरज मागे राहिली. ‘जल बिन मछली’पर्यंत येता येता नाच आहे म्हणून नाच, रंग आहे म्हणून रंग. मासोळीच्या वेशात संध्या नाचते. तिची मेहनत डोळ्यांना दिसते, अंगातला प्रत्येक स्नायू कामाला लागलेला आहे. पण हा नाच कोणासाठी, कशामुळे, नाचला नाही तर काय बिघडेल, हे त्या दृश्यात कोणी विचारलेलं नाही. सेटवर दिग्दर्शकाला हा प्रश्न विचारेल असं कोणी पडद्यावर तरी ऐकू येत नाही. ना पटकथेतून, ना समोरच्या नटातून.

त्या नाचाचा तुकडा आज मोबाइलवर फिरतो. लोक त्यावर हसतात आणि एकमेकांना पाठवतात. मला त्याचा राग येतो. लपवणारे आणि हसणारे, दोघंही चित्रपट बघत नाहीत. अर्ध्या मिनिटाचा तुकडा बघून हसणाऱ्याला ‘नवरंग’ ठाऊक नसतो, त्यामुळे हा तोच हात आहे, फक्त त्याला अडवणारं काही उरलेलं नाही, हे त्याच्या लक्षात येत नाही. आणि संध्यासारख्या कलावंताने शरीर पणाला लावून केलेल्या कामाची अशी टर उडवणं शोभत नाही असंच मला वाटतं. दोष तिचा नव्हताच. हे पुढच्याच वर्षी सिद्ध झालं.

‘पिंजरा’त काय बदललं? अनंत माने यांची कथा, शंकर पाटलांचे संवाद. राम कदमांचं संगीत, ज्यांना फडाचा ठेका आतून माहीत. गाणी जगदीश खेबुडकरांची, जे स्वतः कोल्हापूरचे आणि पेशाने शिक्षक. एका शिक्षकाच्या घसरणीची गाणी एका शिक्षकाने लिहिली, हे मला नेहमी विलक्षण वाटतं. आणि समोर, मास्तरच्या भूमिकेत, श्रीराम लागू. कान-नाक-घशाचे डॉक्टर, रंगभूमीवर मुरलेले, दीडेक वर्षापूर्वीच ‘नटसम्राट’चे बेलवलकर होऊन गेलेले. हा नट स्वतःचं मत घेऊन येणारा होता. शंकर पाटलांची माणसं तर कोणाच्याही ताब्यात न जाणारी. त्यांच्या तोंडची कोल्हापूरकडची बोली सजवायला गेलं की मरते. बापू मूळचे कोल्हापूरचे. ती बोली त्यांनी लहानपणी ऐकली होती, नंतर हिंदीच्या झगमगाटात बाजूला पडली होती. ‘पिंजरा’त ती बोली त्यांना परत सापडली असं मला वाटतं.

एक दृश्य डोळ्यांसमोर आणा. तमासगीर चंद्रकलेने, म्हणजे संध्याने, पैज मारली होती की गावातून तमाशा हाकलणाऱ्या या मास्तरला बोर्डावर तुणतुणं धरून उभा करीन. आणि तो उभा राहतो. पुढे संध्या नाचते, तोच रंग, तीच लचक, जी वर्षापूर्वी निरर्थक वाटली होती. पण आता आपण तिच्याकडे बघतच नाही. आपण मागे बघतो. लागूंचे ते खांदे, एका तारेवर फिरणारं बोट, खाली गेलेली नजर. नाच आता कोणासाठी आहे ते कळतं, कोणाच्या जिवावर आहे तेही कळतं. ज्या गुरुजीच्या नावाने गावात पुतळा उभा राहणार, तो गुरुजी इथे मागे उभा आहे. बापूंना जे येत होतं तेच त्यांनी केलं, वेगळं काही शिकले नाहीत. फक्त त्या नाचाच्या मागे एक माणूस उभा केला.

आता दूर जाऊ. शांतारामांपेक्षा दोन वर्षांनी मोठा असलेला आल्फ्रेड हिचकॉक त्याच सुमारास त्याच वळणावर होता. ‘सायको’ १९६०चा. त्यातल्या न्हाणीघरातल्या खुनाच्या दृश्याला संगीत नको, असं हिचकॉकचं मत होतं. संगीतकार बर्नार्ड हर्मनने ऐकलं नाही. त्याने फक्त तंतुवाद्यांचं, किंचाळणारं संगीत लिहिलं आणि ऐकवलं. हिचकॉकने आपलं मत मागे घेतलं. आज ते दृश्य न पाहिलेल्यालाही ते सूर ठाऊक असतात. सहा वर्षांनी ‘टॉर्न कर्टन’च्या वेळी अगदी हीच गोष्ट पुन्हा घडली. एका खुनाला संगीत नको असं हिचकॉकने सांगितलं, हर्मनने लिहिलं. या वेळी हिचकॉक ध्वनिमुद्रणाला आला, संगीत ऐकलं आणि हर्मनला घरी पाठवलं. दोघांनी पुन्हा कधीच एकत्र काम केलं नाही. संकलक जॉर्ज टोमासिनी १९६४ सालीच वारला होता, छायालेखक रॉबर्ट बर्क्सही ‘मार्नी’नंतर दुरावला. ज्या तिघांनी ‘व्हर्टिगो’ आणि ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ला हातभार लावला होता, त्यांपैकी एकही जण उरला नाही. ‘टॉर्न कर्टन’ फसला, १९६९चा ‘टोपाझ’ त्याहून फसला. ‘टोपाझ’चे तर तीन वेगवेगळे शेवट चित्रित झाले. ज्याला कथेच्या पहिल्या ओळीत शेवट दिसायचा, त्याला संपवायचं कुठे हे उमगेना.

इथे माझ्याच म्हणण्यात एक अडचण आहे आणि ती झाकली तर मीही त्या समितीतला होईन. ‘टॉर्न कर्टन’मधला तो खून संगीताविनाच पडद्यावर आला, आणि तो अप्रतिम आहे. शेतावरचं घर, बाहेर टॅक्सीवाला उभा, म्हणून गोळी झाडता येत नाही. सुरी मारली तर पातं तुटतं. फावड्याने पाय झोडपले तरी माणूस मरत नाही. शेवटी त्याला ओढत ओढत गॅसच्या ओव्हनपर्यंत नेतात आणि आपल्याला दिसतात फक्त त्याचे दोन हात, हवेत फडफडणारे, मग संथ होणारे. माणूस मारणं किती अवघड असतं ते दाखवायचं होतं, असं हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला सांगितलं होतं. म्हणजे या एका दृश्यापुरतं हिचकॉकचंच बरोबर होतं, हर्मनचं चूक. शिवाय हिचकॉकला ‘नाही’ म्हणणारं त्या काळात कोणीच नव्हतं असंही नाही. स्टुडिओ होता. पॉल न्यूमन आणि ज्युली अँड्र्यूज ही जोडी स्टुडिओच्या आग्रहाची, आणि खपणारं, नव्या पिढीला रुचणारं संगीत हवं हा रेटाही स्टुडिओचाच.

पण मला वाटतं, यानेच मुद्दा नीट होतो. स्टुडिओचं ‘नाही’ विक्रीचं असतं. ते चित्रपटाच्या बाहेरून येतं, आणि त्याच्यापुढे मान तुकवली तरी दिग्दर्शकाला नवं काही दिसत नाही. हर्मनचं ‘नाही’ चित्रपटाच्या आतून यायचं. तो कधी चुकायचाही. पण त्याच्या चुकीशी झगडताना हिचकॉकला आपलं म्हणणं पुन्हा तपासावं लागायचं. त्या झगड्यातून एका खुनाला किंकाळ्या मिळाल्या आणि दुसऱ्याला शांतता. हर्मन गेल्यावर ते एक दृश्य उरलं, पण बाकीचा चित्रपट कोणाशीही न झगडता गेला.

आणि १९७२ साली, ‘पिंजरा’च्याच वर्षी, ‘फ्रेन्झी’ आला. हिचकॉक लंडनला परतला, कॉव्हेंट गार्डनच्या भाजीबाजारात. त्याचे वडील भाजीविक्रेते. पटकथा अँथनी शॅफर या नाटककाराची. खुनी एका बाईला घेऊन वरच्या मजल्यावरच्या खोलीत शिरतो, दार लागतं, आणि कॅमेरा आत जात नाही. तो मागे मागे सरकत जिना उतरतो, वळण घेतो, दाराबाहेर पडतो, आणि रस्त्यावरच्या गाड्यांचा, हमालांचा आवाज कानावर येतो. वर काय चाललंय ते आपल्याला माहीत आहे आणि खाली कोणालाच नाही. बहात्तर वर्षांच्या माणसाने काढलेला शॉट आहे हा. एक कोल्हापूरचा आणि एक लंडनचा, दोघंही एकाच वर्षी आपापल्या बाजारात परतले आणि सावरले. हा योगायोगच. पण त्यामुळे ‘म्हातारपणी प्रतिभा आटते’ हे आपलं लाडकं उत्तर मला तरी पुरत नाही. आटली असती तर बहात्तर साली कुठून आली?

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो. राय यांचं काय? ते पटकथा स्वतः लिहीत, ‘तीन कन्या’पासून संगीत स्वतः करत, पुढे कॅमेराही स्वतः हाताळत, जाहिरातीची चित्रंही स्वतः काढत. त्यांना कोण अडवणार होतं? आक्षेप खरा आहे. याचं उत्तर ‘पथेर पांचाली’च्या पहिल्याच चित्रीकरणात आहे. काशफुलांच्या शेतात एका रविवारी अर्धं काम झालं. पुढच्या रविवारी मंडळी परत गेली तर गुरांनी फुलं खाऊन टाकलेली. वर्षभर थांबावं लागलं, पुन्हा काश फुलेपर्यंत. पैसे संपत, काम थांबत, मुलं मोठी होतील ही धास्ती. राय यांना ‘नाही’ म्हणणारं जग त्यांच्या कॅमेऱ्यासमोर होतं: ऋतू, गुरं, रेल्वेचं वेळापत्रक, मूळ कादंबरीकार बिभूतिभूषणांचा गाव. १९८३च्या हृदयविकारानंतर डॉक्टरांनी बाहेरचं चित्रीकरण बंद केलं आणि ते जग सुटलं. १९८९चा ‘गणशत्रू’ स्टुडिओत झाला. इब्सेनच्या नाटकावरचा. देवळाच्या तीर्थातच रोगाचे जंतू आहेत म्हणणारा डॉक्टर सौमित्र चटर्जींनी केला आहे. विषय जळजळीत, पण चित्रपट थंड. कारण डॉक्टर पहिल्यापासून बरोबर आहे, दिग्दर्शक त्याच्या बाजूचा आहे, प्रेक्षकही आहे, आणि उलट बाजूला कोणी तोलामोलाचा माणूसच नाही.

दोनच वर्षांनी, त्याच आजारपणात, बरंचसं चार भिंतींतच घडणारा ‘आगंतुक’ आला. उत्पल दत्तांचा मामा पस्तीस वर्षांनी घरी येतो आणि तो खरा मामा की भामटा याचा निर्णय होत नाही. एका बैठकीत घरचा वकील मित्र त्याची उलटतपासणी घेतो, संस्कृतीवरून, धर्मावरून, जंगलातल्या माणसांवरून. मामाची मतं राय यांचीच आहेत हे उघड आहे. पण या वेळी त्यांनी आपली मतं पिंजऱ्यात उभी केली आणि वकिलाच्या हाती धारदार प्रश्न दिले. वकील शेवटी अपमान करतो, तेव्हा मामा गप्प होतो. त्या गप्प होण्याने ‘गणशत्रू’तल्या सगळ्या भाषणांपेक्षा मला जास्त हलवलं. बाहेरचं जग हिरावलं गेल्यावर राय यांनी प्रतिपक्ष स्वतःच्या लेखणीतून उभा केला. हे फार थोड्यांना जमतं.

आता आमच्या समितीकडे परत. प्रसिद्ध माणसाभोवती जे वातावरण साचतं, ज्यात सेटवर कोणी तोंड उघडत नाही, तेच वातावरण त्याच्या मागे आपण महोत्सवांत चालू ठेवतो. त्याच्या हयातीत सहायकांनी माना डोलावल्या, आता आपण डोलावतो. स्टॅनली क्युब्रिकने आपला ‘फिअर अँड डिझायर’ हा पहिला चित्रपट लोकांपुढे येऊ नये म्हणून धडपड केली. निर्मात्याला तसं वाटणं मी समजू शकतो. प्रेक्षकाने त्याच्या वतीने ते काम करू नये. ‘बापूंची अब्रू’ म्हणणाऱ्या त्या ज्येष्ठांना मी हे नंतर पत्र लिहून कळवलं. त्यांनी फोन केला, बराच वेळ बोलले, आणि म्हणाले की ‘जल बिन मछली’ त्यांनी १९७१ साली थिएटरात पाहिला होता, मध्यंतरात उठून आले होते आणि त्या अपराधी भावनेमुळे पुन्हा कधी बघितला नाही.

पुढच्या वर्षी खेळ असे लावावेत असं आम्ही दोघांनी मिळून सुचवलं आहे. शनिवारी संध्याकाळी ‘जल बिन मछली’, पूर्ण, एकही गाणं न कापता. रविवारी सकाळी दहाला ‘पिंजरा’. मध्ये व्याख्यान नाही, परिचयाचं भाषण नाही. शनिवारी ज्यांना हसू येईल त्यांनी हसावं. रविवारी तीच संध्या पुन्हा पायांत चाळ बांधून पडद्यावर येईल, तिच्यामागे लागू तुणतुणं धरून उभे राहतील, आणि तेव्हा मला पडद्याकडे न बघता प्रेक्षकांच्या चेहऱ्यांकडे बघायचं आहे.